प्रवाळांच्या घडवंच्या

पारोळा, रविवार, ५ ऑक्टोबर

आरंभीच क्षमा मागते. कोणाची, ते मलाही नीट ठाऊक नाही. ज्यांच्या हातून काही घडले आहे त्यांनीच रोजनिशी लिहावी, असे मला लहानपणापासून वाटत आले आहे. माझे कर्तृत्व एवढेच, की जिथे बोलायचे तिथे गप्प राहते आणि मग वहीत बोलते. तरीही धारिष्ट्य करते आहे. या महिन्यात माझ्यावर एक काम आले आहे, आणि ते कसे झाले हे पुढे मला माझ्याच अक्षरात वाचता यावे.

नोंदीपुरते : कोकणातील संशोधन केंद्रात प्रकल्प सहाय्यक म्हणून रुजू होऊन सव्वा वर्ष झाले. समुद्रतळावर मेलेल्या प्रवाळांचा चुरा पसरला आहे, त्यावर नवे प्रवाळ तग धरत नाहीत, लाटेबरोबर गडगडत जातात. म्हणून त्यांना बांधायला लोखंडी सांगाडे हवेत. सहा पायांचे, साधारण गुडघ्याएवढे उंच. त्यावर रेझिनचा थर, आणि थर ओला असतानाच वर जाड वाळू, म्हणजे प्रवाळाला धरायला खडबडीत जागा मिळते. तिकडच्या कारखानदाराने ऐनवेळी नकार दिला. बैठकीत सगळे इंग्रजीतून बोलत होते. सव्वा वर्षात त्या टेबलाशी मी एक वाक्य बोलले नव्हते. त्या दिवशी तोंडून निघून गेले, "माझ्या वडिलांचं वेल्डिंगचं दुकान आहे, पारोळ्याला."

मॅडम (प्रकल्प त्यांचा) म्हणाल्या, "मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

साठ सांगाडे. परवापासून सुरुवात.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

दुकानात. वेल्डिंग मशिनवर खंडेनवमीची झेंडूची माळ अजून सुकते आहे. नानांनी (म्हणजे वडिलांनी, सारे गाव त्यांना नानाच म्हणते) माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. मी बसले नाही.

हिलालभाऊ. तीस वर्षे याच दुकानात वेल्डर. नांगर, वखर, ट्रॉली, देवळाची दारे, सगळे त्यांच्या हातचे. यापुढे हि.भा. असे लिहीन. मी आराखडा पसरला. त्यांनी तो आडवा धरला, उभा धरला.

"ही तं घडवंची शे वं बेटा. पन हंडा कोठे ठेवानं?"

"हंडा नाही भाऊ, यावर पोवळी वाढवायची."

त्यांनी बोटातली अंगठी पुढे केली. मंगळासाठी घातलेली. "हाई पोवळं? हाई झाडले लागस का?"

मी म्हटले, झाड नव्हे, तो जीव आहे. प्राणी.

"मंग बारा वरीसपाईन मी बोटमा जनावर घाली फिरी ऱ्हायनू का?"

सगळे दुकान हसले. मीही. सांगाड्यांना आता घडवंची हेच नाव पडले आहे.

बुधवार, ८ ऑक्टोबर

सकाळी गेले तर हि.भा. रेड ऑक्साइडचा डबा ढवळत बसलेले. वेळेवर पोचले म्हणून बरे. रंग चालणार नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांना उघड्या अंगाने लग्नाला जायला सांगत आहे.

"बिगर रंगना माल? लोके काय म्हनतीन?"

नाना आतून : "ती सांगस तसं कर, हिलाल. पहिला नंबरनी पोर शे ती."

ते वाक्य ऐकून मान वर करवेना. आनंदानेच, पण करवेना.

दुपारी सूचनापत्र तयार केले. नऊ सूचना, सुवाच्य अक्षरात, समासासह. चौथी : सळया गंजणार नाहीत याची दक्षता घ्यावी. पाचवी : तारेच्या ब्रशने घासून, थिनरने पुसून त्याच दिवशी रेझिन लावावे. सातवी : कोणताही रंग अथवा प्रायमर लावू नये. भिंतीला चिकटवले. हि.भा.नी बोट ठेवून एकेक ओळ वाचली.

"हाई तं लगीननी पत्रिका वाटस."

शनिवार, ११ ऑक्टोबर

बोरी नदीची वाळू धुऊन वाळवली. चाळायला घरची चाळणी नेली, न विचारता. आई : "त्या चाळनीमा मी आते पीठ कसं चाळू?" दोन वेळा धुऊन दिली. तिसऱ्यांदा तिने हातातून ओढून घेतली.

एक नमुना सांगाडा मी स्वतः केला. घासला, पुसला, रेझिन लावले, वाळू भुरभुरली. संध्याकाळी नखाने खरवडून पाहिले. नख तुटले, थर नाही. मॅडमना छायाचित्र पाठवले. उत्तर : "उत्तम."

एका शब्दाची कितीदा आवृत्ती करावी?

मंगळवार, १४ ऑक्टोबर

चोवीस पूर्ण. सगळे माझ्या डोळ्यांदेखत. रेझिन संपत आले. उद्या जळगावला जाऊन दुसरा डबा घेते.

माझ्या जुन्या महाविद्यालयातून फोन : जळगावला येणारच आहात तर शुक्रवारी विद्यार्थ्यांशी दोन शब्द बोलाल का? मी नको म्हणणार होते. हो म्हणाले.

जळगाव, बुधवार, १५ ऑक्टोबर

रेझिनचा डबा दुपारच्या एस.टी.त चढवला, कंडक्टरच्या हवाली. नाना पारोळ्याला उतरवून घेतील. दुसऱ्याच गाडीने मीही जाऊ शकले असते. इथे मैत्रिणीकडे थांबले आहे, भाषणाची तयारी करत.

पाऊस. अवेळी, आणि बराच.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

भाषण झाले. आवाज पहिली पाच मिनिटे कापत होता, मग सावरला. मुलींनी विचारले, समुद्रात बुडी मारता का? मला पोहता येत नाही, हे सांगितले नाही. 'आमचे काम बहुतेक किनाऱ्यावरच चालते' असे म्हटले. शब्दशः खरे.

शाल, श्रीफळ. छायाचित्र घेत असतानाच नानांचा फोन. "आठे मोठा पानी उना. सळया भाईर व्हत्यात. तू काळजी करू नको, माय. हिलालनी बठ्ठा बंदोबस्त करी टाका."

कसला बंदोबस्त, ते मी विचारले नाही. छायाचित्रकार म्हणत होता, ताई, इकडे बघा.

पारोळा, रविवार, १९ ऑक्टोबर

परतले. अंगणात छत्तीस सांगाडे रांगेत, वाळू लावलेले, सुकलेले. मी नसताना सगळे पूर्ण. माझ्याशिवाय काम अडले नाही याचे थोडे वाईट वाटले, हेही लिहून ठेवते.

आणि एक नवीन गोष्ट. मधल्या पट्टीवर ठसा. गोलात 'ना'. दुकानाचा जुना पोलादी ठसा, नाना तो फक्त वखराच्या पासेवर, म्हणजे पात्यावर, मारतात, मनासारखी उतरली तरच. या छत्तीसवर तो मारला, त्यावर चिकटपट्टी लावून तेवढी जागा वाळूविना ठेवली. म्हणजे दिसावा. पहिल्या चोवीसवर नाही, ते आधीच थर लावून झाले होते.

मी म्हटले, नाना, हे आराखड्यात नव्हते. आणि तिथे पाण्याखाली पाहणार कोण?

"मानसं नई देखनात तं नई. मासास्ले तं समजी, पारोळाना माल शे."

नानांना इतके खूश मी दहावीच्या निकालानंतर पाहिलेले नाही.

शनिवार, २५ ऑक्टोबर

दिवाळी आटोपली. आज ट्रक भरला. हि.भा.नी चाकापुढे नारळ फोडला. चढवताना ठसा असलेल्या एका सांगाड्याचा पाय वाकला, तो मागे राहिला. एकोणसाठ गेले.

मॅडमचा निरोप : मी आठ नोव्हेंबरला रुजू व्हावे. सात तारखेला पाणी निवळ असेल, त्या दिवशी सांगाडे खाली सोडणार आणि लगेच त्यांवर प्रवाळांचे तुकडे बांधणार. त्या कामात बुडी मारणारेच लागतात, म्हणून मी घाई करू नये.

बरोबरच आहे. तरी.

सोमवार, २७ ऑक्टोबर

वाकलेला सांगाडा आईने मागून घेतला. हि.भा.नी पाय सरळ करून दिला. आता तो मोरीपाशी आहे, त्यावर हंडा. हि.भा. म्हणाले, "मी पहिलेच सांगं व्हतं, घडवंची शे."

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सकाळी आई मोरीतून : "तुन्ही ती घडवंची साल टाकी ऱ्हायनी वं."

हंडा उतरवून पाहिले. वाळूचा थर पायावरून पापुद्र्यासारखा सुटलेला. बोटाने ओढला, वीतभर निघून आला. खाली लोखंड काळे, बुळबुळीत. नाकाशी नेले. वास ओळखीचा, दुकानाचा, नानांच्या सदऱ्याचा.

मोरीच्या पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग.

तशीच दुकानात गेले. हि.भा. वखर जोडत होते. विचारले, पाऊस आला तेव्हा सळयांना काय केलेत?

"तेल लावं ना. जळेल आईल. वखरले लावतस तसं. तुन्हंच लिखेल शे, देख." आणि चौथ्या सूचनेवर बोट ठेवले. "एकबी सळईले गंज लागू दिधा नई मी."

मग घासले नाही का?

"गंजच नई तं घासानं काय? फडकावरी पुशी लिधं. मंग तुन्हं ते रेझिन."

इथे पावसाळ्यापूर्वी प्रत्येक अवजाराला जळालेले ऑईल लावतात. कोणी सांगावे लागत नाही. मी याच दुकानात लहानाची मोठी झाले. रंग लावू नये, एवढे लिहिण्याचे मला सुचले. तेल लावू नये, हे सुचले नाही.

"काय व्हयनं वं बेटा?"

"काही नाही भाऊ."

"बठनं का तुन्हं जनावर घडवंचीवर?"

"अजून नाही."

बुधवार, ५ नोव्हेंबर

नमुना सांगाडा, मी केलेला, अजून दुकानाच्या कोपऱ्यात आहे. रात्रभर बादलीत बुडवून ठेवला होता. सकाळी खरवडला. थर पक्का. म्हणजे पहिले चोवीस ठीक असावेत. तेल दुसऱ्या खेपेच्या सळयांनाच लागले. राहिलेला इथे मोरीत. बाकीचे पस्तीस तिकडे.

पुढे काय होईल ते मला ठाऊक आहे, तेवढे माझे शिक्षण झाले आहे. थर सुटेल. तेल झिरपेल. बांधलेले तुकडे आधी फिकट पडतील, मग त्यांच्यावर शेवाळ चढेल. ते तुकडे बोटाच्या पेराएवढे आहेत. चौदा महिने टाकीत वाढवलेले. त्यांच्यावरचे शेवाळ आठवड्यातून दोनदा मऊ दातब्रशने काढण्याचे काम माझ्याकडे होते. पोहता न येणाऱ्या माणसाला जमेल असे काम. कोणता तुकडा कुठून तुटला होता आणि कुठून फुटला, हे मी न पाहता सांगू शकते.

पण हेही ठाऊक आहे : प्रवाळ मरायला समुद्रात शंभर कारणे असतात. पाणी तापते, गढूळ होते. सहा महिन्यांनी पस्तीस सांगाड्यांवरचे तुकडे मेले तर अहवालात यांपैकीच एखादे कारण लिहिले जाईल. पारोळ्याच्या तेलापर्यंत कोणी पोचणार नाही.

दुपारभर हा विचार केला. केला, हे नाकारत नाही.

मॅडमना फोन केला. लागला नाही. लागला नाही याचे बरे वाटले. मग पुन्हा केला नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सकाळी मॅडमचा निरोप, बंदरावरून. छायाचित्र : सांगाडे होडीवर रचलेले, वरच्या थरात चार-पाच ठसे स्पष्ट दिसतात. खाली लिहिले आहे, "उद्या नऊला निघतो. इथून पुढे नेटवर्क मिळेल तेव्हा मिळेल. वडिलांना सांग, त्यांचा ठसा सगळ्यांना फार आवडला."

निरोप नानांना वाचून दाखवला नाही.

लगेच फोन. बंद. केंद्राच्या कार्यालयात केला, तिथल्या बाईंनी सांगितले, सगळे बंदरावर, काही असेल तर मेल करून ठेवा, मॅडम सकाळी होडीत बसण्याआधी एकदा मेल पाहतात.

कच्चा मसुदा पहिला : "काही सांगाड्यांच्या थराच्या टिकाऊपणाविषयी किंचित शंका उपस्थित झाली आहे." कोणाला शंका, कोणते सांगाडे, काही नाही. फाडला.

दुसरा : "कारागिरांकडून अनवधानाने चूक झाली." हि.भा.नी अनवधानाने काहीही केलेले नाही. एकेक सळई पुसली त्यांनी. फाडला.

तिसऱ्यात अडकले. पस्तीस बाजूला काढा, हे सांगायचे तर ते ओळखायचे कसे, हे सांगायला हवे. वाळू लावलेले सगळे सांगाडे एकसारखे. फरक एकच आहे.

'ज्यांवर ठसा आहे, ते पाण्यात सोडू नयेत.'

हे वाक्य नानांना न सांगता पाठवता येत नाही. नाना जेवायला बसले होते, दिवेलागणीला. सांगितले. सगळे, क्रमाने, शाळेत उत्तर द्यावे तसे. जळगावला इतके दिवस कशासाठी थांबले, तेही.

नानांच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच.

"बठ्ठा खराब?"

"नाही. पहिले चोवीस चांगले आहेत. ठसा असलेले..."

"मन्हा ठसावालाच?"

मी मान हलवली.

"तुन्ही नोकरी?"

"माहीत नाही."

त्यांनी ताटातच हात धुतला आणि बाहेर गेले. आई त्यांच्यामागे उंबऱ्यापर्यंत गेली, परत आली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "जेवी ले." मोरीतल्या घडवंचीवरून हंडा तिने खाली ठेवला आहे. कधी, ते कळले नाही.

मेल पाठवला नाही. सकाळी. नाना काही बोलोत न बोलोत, सकाळी.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सहाला उठले. नाना आधीच अंघोळ करून बसलेले. माझ्या टेबलावर, जुन्या वर्तमानपत्रावर, पोलादी ठसा. घासून लख्ख केलेला. इतका जवळून मी तो प्रथमच पाहिला. 'ना'ची काठी खाली किंचित झिजली आहे.

"ह्याना फोटो काढ. नीट दिसू दे. त्यास्ले लगेच समजाले पाहिजे, कोनता काढाना."

काढला. त्यांनी तो मोबाईलवर मोठा करून पाहिला, आणखी एक काढायला लावला. उजेड डावीकडून हवा म्हणाले.

मग : "हिलालनं नाव घालू नको. दुकान मन्हं शे."

"नाना, सूचना माझी होती."

"मंग दोन्हीस्नं घाल. तुन्हं आनि मन्हं."

मी लिहीत होते तोवर शेजारी उभे होते. एका जागी म्हणाले, "पुन्हा बनाडी देतस, असं लिख." लिहिले. किती दिवसांत? बोटे मोजून म्हणाले, "पंधरा." जरा थांबून, "घासीसन."

त्यांना वाचून दाखवले :

'मॅडम, सादर नमस्कार. होडीवरील एकोणसाठ सांगाड्यांपैकी पस्तीस सांगाडे कृपया पाण्यात सोडू नयेत. त्यांच्या सळयांना थराखाली जळालेले इंजिन ऑईल लागलेले आहे. आमच्याकडे अवजारे गंजू नयेत म्हणून ते लावतात. तसे करू नये हे माझ्या सूचनापत्रात लिहायचे राहिले, आणि ते काम चालू असताना मी तिथे नव्हते. आमच्या घरी राहिलेल्या अशाच सांगाड्याचा थर आठ दिवसांत सुटला. त्याचे छायाचित्र जोडले आहे. हे मला मंगळवारी कळले. तीन दिवस मी कळवले नाही, याला काही कारण देता येत नाही. सदोष सांगाडे ओळखण्याची खूण : मधल्या पट्टीवर गोलात ‘ना’ असा ठसा. ठशाचेही छायाचित्र जोडले आहे. ज्यांवर ठसा नाही ते चोवीस माझ्यासमोर झालेले आहेत, ते वापरता येतील असे मला वाटते. पस्तीस नवे सांगाडे पंधरा दिवसांत करून देण्याची जबाबदारी माझे वडील आणि मी घेतो. क्षमस्व.'

नाना म्हणाले, "सदोष म्हंजे खराबच ना?"

"हो."

"मंग खराब लिख. घाईमा शेत त्या."

बदलले.

फोन पुन्हा लावून पाहिला. वाजत नाही. होडी नऊला सुटते. नाना दुकान उघडायला गेले. जाताना ठसा वर्तमानपत्रात गुंडाळून खिशात घातला. हि.भा.ना काय सांगणार, ते मी विचारले नाही.

पाठवले : शुक्रवार, ७ नोव्हेंबर, सकाळी ७ वाजून १२ मिनिटे.